ओव्हनशिवाय फळे, क्रीम आणि बिस्किटांचे थरांचे डेझर्ट

बिस्किटांचा थर, त्यावर फेटलेले क्रीम, त्यावर फळांच्या फोडी आणि पुन्हा बिस्किटे, अशी या गोड पदार्थाची साधी रचना आहे. तो भाजावा लागत नाही, मात्र त्याला फ्रीजमध्ये पुरेसा वेळ द्यावा लागतो. त्या वेळात बिस्किटे क्रीममधला ओलावा शोषून केकसारखी मऊ होतात आणि ओलावा दिल्यामुळे क्रीम घट्ट होते. हा ओलावा कमी पडला तर बिस्किटे कडक राहून कापताना थर मोडतात, आणि जास्त झाला तर तळाशी पाणी साचून सगळ्याचा लगदा होतो. म्हणून पुढील कृतीत मापांइतकेच लक्ष पाणी कुठून येते आणि कुठे जाते याकडे दिले आहे.

साधारण 20 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या आणि 6 ते 7 सेंटिमीटर खोल काचेच्या चौकोनी भांड्यात आठ जणांपुरते डेझर्ट बसते. त्यासाठी 250 ग्रॅम साधी गोड बिस्किटे, 400 मिलिलिटर व्हिपिंग क्रीम, 200 ग्रॅम क्रीम चीज किंवा पाणी पूर्ण निथळलेले घट्ट दही, 60 ग्रॅम पिठीसाखर, एक चमचा व्हॅनिला इसेन्स, अर्धी वाटी थंड दूध आणि चिरलेली 500 ग्रॅम फळे घ्यावीत. क्रीमच्या डब्यावर गोड असल्याचे लिहिले असेल तर पिठीसाखर आधी घालू नये. चव पाहूनच ठरवावे. बिस्किटे साधी असणेच चांगले, कारण मध्ये क्रीम भरलेल्या बिस्किटांतील तेलकट थर ओलावा आत जाऊ देत नाही आणि गोडीही फार होते. गव्हाच्या पिठाची, किंचित खारट चव असलेली डायजेस्टिव्ह बिस्किटे मला यासाठी सर्वांत योग्य वाटतात. क्रीमची आणि फळांची गोडी त्यांच्यामुळे आटोक्यात राहते.

फळांची निवड हा या पदार्थातला खरा विचार करण्याचा भाग आहे. स्ट्रॉबेरी, पिकलेला पण घट्ट आंबा, पीच, ब्लूबेरी आणि बिया काढलेली द्राक्षे निर्धास्तपणे वापरता येतात. अननस, किवी आणि पपई मात्र कच्च्या स्वरूपात घालू नयेत. या फळांमध्ये प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात आणि ती दुधातल्या प्रथिनांवर काम करू लागली की काही तासांत क्रीम कडवट लागू लागते. जिलेटिन वापरले असल्यास तेही घट्ट होत नाही. उष्णतेने ही विकरे निष्क्रिय होतात. त्यामुळे अननसाचे तुकडे दोन चमचे साखर घालून चांगले उकळी येईपर्यंत तापवावेत, मंद आचेवर पाच-सात मिनिटे शिजवावेत आणि पूर्ण गार करून मगच वापरावेत. डबाबंद अननस आधीच तापवलेला असल्यामुळे पाक निथळून थेट चालतो. केळी आणि सफरचंद कापल्यावर हवेच्या संपर्काने काळी पडतात, म्हणून त्यांच्या फोडींना लिंबाचा रस चोळावा, त्या क्रीमखाली पूर्ण झाकाव्यात आणि असे डेझर्ट त्याच दिवशी संपवावे. कलिंगड आणि संत्री यांचा रस सुटतच राहतो, तेव्हा ती थरांत न घालता वाढताना बाजूला द्यावीत.

फळे आधी धुवून, कापडाने पूर्ण कोरडी करून मगच चिरावीत. स्ट्रॉबेरीचा देठ काढून ती धुतली तर त्या खळग्यातून पाणी आत शिरते, म्हणून देठ नेहमी धुतल्यानंतर काढावा. फोडी साधारण एक सेंटिमीटरच्या कराव्यात. त्याहून मोठ्या ठेवल्यास सुरी फिरवताना त्या सरकतात आणि वरचा थर ओढून नेतात. फळ आंबट असल्यास फोडींवर एक चमचा साखर भुरभुरून त्या वीस मिनिटे गाळणीत ठेवाव्यात. साखरेमुळे फळातले पाणी बाहेर खेचले जाते आणि खालच्या भांड्यात रंगीत, सुवासिक रस जमतो. जे पाणी नंतर थरांमध्ये सुटले असते ते असे आधीच बाहेर पडते. हा रस टाकून देऊ नये; बिस्किटे बुडवायच्या दुधाऐवजी तो वापरला तर फळाची चव तळापर्यंत पोहोचते.

क्रीम घट्ट होण्यासाठी त्यात किमान 30 टक्के, शक्यतो 35 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असावा लागतो; स्वयंपाकात घालण्याचे पातळ क्रीम कितीही फेटले तरी उभे राहत नाही. फेटताना आत जाणारी हवा स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटून धरून ठेवतात, आणि ते थंड असतील तरच तसे चिकटतात. त्यामुळे क्रीम रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे, तसेच भांडे आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून गार करावीत. सुरुवातीला मंद आणि फेस आल्यावर मध्यम वेगाने फेटावे. पात्यांच्या फिरण्याच्या रेघा क्रीमवर मोडेनाशा झाल्या की थांबून पाते सरळ वर उचलावे. वर आलेल्या टोकाचा शेंडा हळूच वाकला, पण टोक विरघळले नाही, तर क्रीम तयार आहे. याच्या पुढे फेटल्यास ते आधी रवाळ दिसू लागते आणि मग त्याचे लोणी होते. क्रीम चीज किंवा दही वेगळ्या भांड्यात पिठीसाखर आणि व्हॅनिला घालून गुठळ्या मोडेपर्यंत घोटावे, आणि फेटलेले क्रीम त्यात तीन वेळा थोडे थोडे घालून चमच्याने खालून वर असे हलक्या हाताने मिसळावे.

थर लावताना सर्वांत आधी भांड्याच्या तळाला चमचाभर क्रीम फासून घ्यावे, म्हणजे बिस्किटे जागची हलत नाहीत. प्रत्येक बिस्किट दुधात एका बाजूने क्षणभरच टेकवावे आणि लगेच उचलावे. दोन-तीन सेकंद बुडवलेले बिस्किट हातातच मोडते. मोठ्या फटींमध्ये बिस्किटांचे तुकडे बसवावेत. त्यावर एक तृतीयांश क्रीम कडेपर्यंत पसरून निम्मी फळे घालावीत आणि ती चमच्याच्या पाठीने हलकी दाबावीत. पुन्हा बिस्किटे, क्रीम, उरलेली फळे, त्यावर बिस्किटांचा शेवटचा थर आणि सर्वांत वर उरलेले क्रीम, असा क्रम ठेवावा. सजावटीची फळे आताच मांडू नयेत. त्यांचा रस उतरून वरचा पांढरा थर डागाळतो.

भांडे घट्ट झाकावे, कारण क्रीम फ्रीजमधले कांदा-लसणासारखे वास पटकन ओढून घेते. मग ते सुमारे 4 अंश सेल्सिअस तापमानाला निदान सहा तास, शक्य असल्यास रात्रभर ठेवावे. मध्यभागी पातळ सुरी सरळ खाली उतरवून पाहावी. ती सर्व थरांतून सारख्याच सहजतेने गेली तर डेझर्ट तयार आहे; खालच्या थरात कडकपणा जाणवला तर आणखी दोन तास द्यावेत. हे डेझर्ट फ्रीझरमध्ये ठेवू नये. गोठताना फळांतील पाण्याचे स्फटिक बनून पेशी फाटतात आणि बाहेर काढल्यावर सगळे पाणी थरांत उतरते.

कापण्यासाठी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी आणि प्रत्येक कापानंतर ती पुन्हा पुसावी. पहिला तुकडा काढणे नेहमीच अवघड जाते, तो भांड्याच्या कोपऱ्यातून रुंद उलथन्याने काढावा. ताजी फळे वाढण्याच्या वेळीच वर ठेवावीत. उरलेले डेझर्ट झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस चांगले राहते. त्यानंतर बिस्किटे फारच मऊ पडतात. जेवणाच्या टेबलावर ते दोन तासांहून अधिक बाहेर राहिले असेल, तर पुन्हा फ्रीजमध्ये न ठेवता टाकून द्यावे.