निम्मे राउटर बदलले, निम्मे राहिले?

इंदूरहून पलासिया, सांवेर रोड, पीथमपूर अशा शाखांच्या राउटरांवर अ‍ॅन्सिबलने (अनेक उपकरणांवर एकदम आज्ञा चालवणारं साधन) एकाच वेळी कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या ओळी, ढकललं की एखाददुसरा हमखास अडतो. सगळ्यांवर पुन्हा रन मारायचा मोह आवरा.

१. अ‍ॅन्सिबलच्या शेवटच्या रिकॅपमध्ये (सारांशात) 'अनरीचेबल' (राउटरशी संपर्कच झाला नाही) आणि 'फेल्ड' (संपर्क झाला, पण काम अडलं) वेगळे दाखवलेले असतात. याद्याही वेगळ्याच करा. अनरीचेबल असेल तर लिंक किंवा एसएसएच (दूरून लॉगिन) तपासा, कॉन्फिगला हात लावू नका.

२. खरी गोम फेल्डवाल्यांत. सिस्को आयओएस (सिस्को राउटरांची प्रणाली) प्रत्येक ओळ आली की लगेच लागू करतं. सातव्या ओळीला 'इनव्हॅलिड इनपुट' आलं, तरी आधीच्या सहा लागलेल्या असतात! रनिंग (सध्या चालू असलेलं) कॉन्फिग बॅकअपशी डिफ करून, म्हणजे फरक काढून, पाहा. बरेचदा इंटरफेसचं (पोर्टचं) नावच वेगळं निघतं: टेम्प्लेटमध्ये गिगाबिट-इथरनेट, जुन्या डब्यावर फास्ट-इथरनेट.

३. दुरुस्ती झाली की अ‍ॅन्सिबलचा 'लिमिट' (ठरावीक राउटरच निवडणारा) पर्याय लावून उरलेल्यांवरच चालवा, तेही आधी एकावर.

लांबच्या राउटरवर ढकलण्याआधी 'रीलोड इन १०' (दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो) ही आज्ञा द्या आणि खात्री होईपर्यंत सेव्ह करू नका. संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी तो आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह केलेलं जुनं कॉन्फिग घेऊन उठतो. पीथमपूरला कोण धावणार? सगळं ठीक असेल तर मात्र 'रीलोड कॅन्सल' आठवणीने द्या, नाहीतर चालू कामात शाखा बंद पडेल.