विश्वामित्रीचा पूर सॅटेलाइटवरून कसा बघायचा, घरबसल्या आणि फुकटात

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीनं बडोद्याचे जे हाल केले ते आपण कोणीच विसरणार नाही. सोसायट्यांमध्ये पाणी, रस्त्यावर मगरी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुठले कुठले जुने व्हिडिओ. पाणी खरंच कुठवर पसरलंय हे आपलं आपल्याला बघता यायलाच हवं, दांडिया बाजारातल्या काकांपासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळ्यांना, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक लक्षात घ्या, पुराच्या दिवसांत नेहमीचे रंगीत सॅटेलाइट फोटो कामाचे नाहीत कारण वर ढगच ढग. आपल्याला हवं रडार. युरोपियन स्पेस एजन्सीचा सेंटिनेल-१ हा रडारवाला सॅटेलाइट २०१४ पासून चालू आहे आणि त्याचा डेटा सगळ्यांना फुकट आहे. तो स्वतःच लहरी सोडतो, त्या ढगातून आरपार जातात, रात्रीही चालतं. शांत पाण्यावर पडलेली लहर पलीकडे निसटून जाते, सॅटेलाइटकडे परत येतच नाही, म्हणून पाणी काळं दिसतं आणि खडबडीत शेतं-झाडं राखाडी.

कोपर्निकस ब्राउझर (हे फोटो दाखवणारी युरोपची वेबसाइट) उघडा, अकाउंट काढा, वडोदरा सर्च करा (बडोदा टाकलंत तर सापडेलच असं नाही), सेंटिनेल-१ निवडा आणि व्हीव्ही वाला (लहर उभी सोडून उभीच पकडणारा) लेयर लावा. आता दोन तारखा घ्यायच्या, एक पुराच्या आधीची, एक पुरातली. दोन्हींची ऑर्बिट, म्हणजे सॅटेलाइटची वाट, सेमच पाहिजे, म्हणजे चढती (दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी) असेल तर दोन्ही चढत्या, आणि ऑर्बिट नंबरही तोच, नाहीतर बघण्याचा कोन बदलतो आणि नसलेला फरक दिसायला लागतो. मग दोन्ही पिन करून कंपेअरमध्ये स्लायडर सरकवा, जे आधी राखाडी होतं आणि आता काळं झालंय ते नवीन पाणी. आजवा सरोवर दोन्हीकडे काळंच राहील, त्यावरून आपली नजर बसवून घ्या.

गूगलचं अर्थ इंजिन (सॅटेलाइट डेटावर कोड लिहून काम करायचं ऑनलाइन टूल) येत असेल तर अजून मजा. आधीची इमेज लाल चॅनेलमध्ये आणि नंतरची हिरव्या-निळ्यात टाका, पुराचं पाणी लालभडक उठून दिसतं. आकड्यात हवं असेल तर आधी स्पेकल फिल्टर मारा (रडार इमेजमधले दाणे कमी करायला), मग थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या खालचं सगळं पाणी धरायचं तो आकडा. व्हीव्हीला उणे १५ ते उणे १८ डेसिबलच्या आसपास सुरुवात करा, पण तो आकडा डोळे झाकून वापरू नका, दर इमेजचा हिस्टोग्राम (कुठल्या उजेडाचे किती ठिपके आहेत त्याचा आलेख) बघून ठरवा. कायमचं पाणी जेआरसीच्या (युरोपियन कमिशनचं संशोधन केंद्र) ग्लोबल सरफेस वॉटर लेयरनं वजा करा आणि जास्त उताराची जागाही काढून टाका, पावागढच्या बाजूला डोंगराच्या सावल्या पाण्यासारख्याच काळ्या दिसतात.

आता खरी गोची. काळं दिसलं म्हणजे पूर असं नाही. मही नदीच्या पात्रातली कोरडी वाळू काळी, एअरपोर्टचा रनवे काळा, आणि लावणीसाठी पाणी भरलेली भाताची खाचरं तर हुबेहूब पुरासारखी. म्हणून आधीची इमेज मे-जूनची घेऊ नका, पुराच्या थोडीच आधीची घ्या, म्हणजे लावणी दोन्हीकडे सारखी येते. उलटही होतं, जोराच्या वाऱ्यानं पाण्यावर लाटा उठल्या की ते उजळ दिसतं आणि नकाशातून गायबच होतं.

आणि शहर! समा, अकोटा, फतेगंज इथे गल्लीत कमरेइतकं पाणी असलं तरी रडारला ते बऱ्याचदा दिसत नाही, कारण लहर पाण्यावरून भिंतीवर आपटून परत येते आणि ती जागा उलट जास्तच चमकते. म्हणून "नकाशात आमची सोसायटी कोरडी आहे" यावर कोणी विसंबून राहू नका प्लीज. हा नकाशा खरा उपयोगी पडतो तो शहराबाहेर, जिथे विश्वामित्री खाली ढाढर नदीला मिळते त्या बाजूच्या उघड्या शेतांत, तिथलं पाणी स्वच्छ दिसतं आणि गावांची नावं लावून यादीही करता येते.

सॅटेलाइट रोज येत नाही, एकाच ऑर्बिटवर तोच सॅटेलाइट १२ दिवसांनी परततो. त्यामुळे पाणी सगळ्यात वर चढलं ती वेळ हुकूही शकते. नकाशा ग्रुपवर टाकताना त्यावर इमेजची तारीख आणि वेळ लिहाच, आणि ती वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ करून मगच टाका.