कॉइलची लेन्स डोळ्यात बसवताना

डोळ्याची हालचाल नेमकी टिपायला १९६३ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडलेली पद्धत मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते. सिलिकॉनच्या कड्यात, म्हणजे लेन्समध्ये, तांब्याच्या तारेची कॉइल (वेटोळं), भोवती चुंबकीय क्षेत्र. डोळा वळला की कॉइलमधलं व्होल्टेज बदलतं, त्यावरून हालचाल कळते.

आधी बधिर करणारे थेंब घाला, मग कडं बुबुळाभोवती अलगद टेकवा. कॉइलची केसासारखी तार नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर काढून टेपने चिकटवा, पण सैल ठेवा. ताणली की पापणी मिटताना कडं सरकतं, तारही तुटते. माझी नजर त्या तारेवरून हलत नाही.

अर्ध्या तासात लेन्स काढाच. बधिरपणा उतरेपर्यंत डोळा चोळू देऊ नका. ओरखडा पडला तरी त्या माणसाला कळत नाही.