मैत्री, श्रद्धा, निष्ठा: किशोरवयीन मुलांच्या कादंबरीचा अभ्यास कसा करावा

वहीच्या पहिल्या पानावर ‘मैत्री, श्रद्धा, निष्ठा’ असं लिहून अभ्यासाला बसलात, तर शेवटी बहुधा तेवढे तीन शब्दच हाती राहतात. ते तर आधीपासून ठाऊकच होते. शोधायचं ते हे, की या तीन गोष्टी एकमेकींच्या आड कुठे येतात.

उदाहरणाला हाइम पोटोक यांची १९६७ साली आलेली ‘द चोझन’ घेऊ. १९४४ सालचं न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन, दोन ज्यू मुलगे. निवेदक रूवेन अभ्यासू शिक्षकाचा मुलगा, तर डॅनी हासिदी पंथाचे कडक धर्मगुरू रेब सॉन्डर्स यांचा. पुढे शेवटही सांगितला आहे, तेव्हा कादंबरी वाचायची असेल तर आधी वाचून या.

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय. गोष्ट म्हणून वाचा. जिथे एखाद्याचा राग आला किंवा वागणं पटलं नाही, तिथे फक्त कागदाची चिठ्ठी घाला.

पार्श्वभूमी बेताची. हासिदी पंथ अठराव्या शतकात पूर्व युरोपात उदयाला आला आणि त्यातल्या अनेक घराण्यांत गुरूची गादी बापाकडून मुलाकडे जाते, एवढं कळलं तरी डॅनीने वाचनालयात चोरून मनोविश्लेषक फ्रॉइडची पुस्तकं वाचणं किती धाडसाचं होतं ते लक्षात येतं. एक संध्याकाळ पुरे. इतिहासात रमलेले पुष्कळ जण कादंबरीकडे परत येतच नाहीत.

दुसऱ्या वाचनात टकरी टिपा. खरं काम हे. पानाचे दोन भाग करा: एकीकडे पात्र कोणाशी बांधलेलं आहे, दुसरीकडे त्याच प्रसंगात त्याला आणखी कोण ओढतंय.

सुरुवातीचाच प्रसंग पाहा. बेसबॉलच्या सामन्यात डॅनीने टोलवलेला चेंडू रूवेनच्या चष्म्यावर बसतो आणि काच डोळ्यात जाते. डॅनी इस्पितळात भेटायला येतो, तर रूवेन त्याला हाकलून लावतो. त्यावर वडील त्याची कानउघाडणी करतात: माफी मागायला आलेल्याचं ऐकून घ्यावं, असं तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ सांगतो. म्हणजे ही मैत्री धर्माला डावलून नव्हे, धर्माच्या आधारानेच सुरू होते. ‘श्रद्धा विरुद्ध मैत्री’ असं झटकन लिहिणाऱ्यांनी इथे थांबावं.

पुढे रूवेनचे वडील ज्यू राष्ट्राच्या बाजूने जाहीर भाषण करतात. मसीहा, म्हणजे ज्यू श्रद्धेतला तारणहार, येण्याआधी असं धर्मनिरपेक्ष राष्ट्र उभारणं रेब सॉन्डर्सना पाप वाटतं. ते डॅनीला रूवेनच्या चार फुटांच्या आत फिरकायलाही बंदी घालतात. मोडली तर कॉलेजातून काढून बाहेरगावी पाठवणार. दोघं एकाच कॉलेजात, तरी डॅनी बंदी पाळतो. ‘डॅनी दुबळा आहे’ हे उत्तर फार स्वस्त. चोरून फ्रॉइड वाचणारा मुलगा हाच नियम का मोडत नाही, असं विचारा. कॉलेज सुटण्याच्या भीतीत किती आणि बापावरच्या मायेत किती, हे मजकुराच्या आधाराने वाटून दाखवा.

गप्प कोण आहे ते पाहा. संवाद सगळेच टिपतात, पण या कादंबरीचा कणा मौन आहे. तालमूदचा अभ्यास सोडला तर रेब सॉन्डर्स मुलाशी बोलतच नाहीत. अखेरीस बोलतात तेही रूवेनला उद्देशून, डॅनी त्याच खोलीत बसलेला असताना. पोरगा विलक्षण बुद्धिमान, पण दुसऱ्याचं दुःख त्याला कळेना, म्हणून हे मौन, असं ते सांगतात. हा उतारा मोठ्याने वाचा. बाप समोरच्या मुलाबद्दल तो तिथे नसल्यासारखा बोलतोय, हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी खटकतं.

निवेदकावरही नजर ठेवा. डॅनीचं घर आपण पाहुण्याच्या डोळ्यांनीच पाहतो. मौनाचा आपल्याला येणारा राग बराचसा रूवेनचा आहे. अर्धं पान डॅनीच्या तोंडून लिहून पाहा. दोन-चार वाक्यांतच अडकाल, आणि कुठे अडकलात तीच तुमची नोंद.

उत्तर लिहिताना ‘या कादंबरीत निष्ठेचं महत्त्व सांगितलं आहे’ असलं वाक्य खोडून टाका. त्याला कोणी नाही म्हणूच शकत नाही, म्हणून ते निरुपयोगी. त्याऐवजी असं काही मांडा: ‘डॅनी बापाची बंदी पाळतो, पण गादी नाकारून मानसशास्त्राकडे वळतो, त्याच्या लेखी आज्ञा पाळणं आणि निष्ठा ठेवणं एक नाही.’ यावर वाद घालता येतो. मग दोनच प्रसंग घ्या, पण बारकाईने. शिक्षकाचा मुलगा रूवेन रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, व्हायचं ठरवतो, ही अदलाबदल मात्र विसरू नका.

सगळं झालं की पहिल्या वाचनातल्या चिठ्ठ्या उघडा. काही आता काढून टाकाव्याशा वाटतील. रेब सॉन्डर्सच्या खुलाशाच्या पानावरची माझी चिठ्ठी अजून तिथेच आहे.