जर्मनीतील पहिला उन्हाळा आणि गाडीचे टायर

पुण्यात टायर बदलायचा तो गोटा झाल्यावर. जर्मनीत मात्र तो ऋतू पाहून बदलावा लागतो. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर आणि उरलेले महिने उन्हाळी, असा येथील रूढ ठोकताळा आहे. तापमान साधारण 7 अंशांखाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड सोडू लागते, हे त्यामागचे कारण.

खरेदीपूर्वी गाडीची कागदपत्रे पाहावीत. ‘205/55 आर 16 91 व्ही’ असे लिहिले असेल, तर 91 म्हणजे एका टायरला 615 किलो भार आणि ‘व्ही’ म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंतचा वेग. आपण तेवढ्या वेगाने कधी जाणार नाही, या हिशेबाने उन्हाळी टायरचे अक्षर खालचे घेता येत नाही. ते गाडीच्या सर्वोच्च वेगाला पुरणारेच लागते.

युरोपीय लेबलवर इंधनबचत आणि ओल्या रस्त्यावरील पकड यांना ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणी असतात. त्यांतील ओल्या पकडीची श्रेणी आधी पाहावी, कारण येथील उन्हाळा नावालाच कोरडा असतो. टायर किती किलोमीटर टिकेल, हे मात्र लेबल सांगत नाही. त्यासाठी एडीएसी या मोटारचालक संघटनेच्या चाचण्या वाचाव्यात. तेथे सुरक्षिततेला 70 टक्के आणि पर्यावरणाला, म्हणजे झीज, आयुष्य वगैरेंना, 30 टक्के वजन असते.

खरा पेच नामवंत टायरांपैकी कोणता घ्यावा, हा असतो. ब्रेक लावल्यावर लवकर थांबणे ही कॉन्टिनेन्टलच्या प्रीमियमकॉन्टॅक्टची ख्याती आहे, तर मिशलिनचा प्रायमसी आणि गुडइयरचा एफिशियंटग्रिप परफॉर्मन्स 2 हे दीर्घ आयुष्यासाठी ओळखले जातात. येथे स्वतःचा हिशेब मांडावा. वर्षाला 10,000 किलोमीटर गाडी चालवणाऱ्याचा उन्हाळी संच जेमतेम निम्मे अंतर कापतो. म्हणजे 40,000 किलोमीटर टिकणारा टायरही 8 वर्षे पुरेल, आणि तोवर रबरच म्हातारे झालेले असेल. अशाने दीर्घ आयुष्यासाठी जादा पैसे मोजणे मला व्यर्थ वाटते. त्याने पकड विकत घ्यावी. रोज ऑटोबानवरून, म्हणजे येथील द्रुतगती महामार्गावरून, दूरच्या कचेरीत जाणाऱ्याचे गणित अर्थात उलटे होते.

वय टायरच्या कडेवरच लिहिलेले असते: ‘1524’ म्हणजे 2024 सालचा पंधरावा आठवडा. माझ्या पहिल्या जुन्या गाडीचे टायर दिसायला नवेकोरे होते, म्हणून मी विक्रेत्याला तेवढे जास्त पैसे दिले. हे चार आकडे नंतर वाचले, तेव्हा ते नऊ वर्षांचे निघाले.

कायद्याने नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी, परंतु एडीएसी उन्हाळी टायरसाठी 3 मिलिमीटर सुचवते. ते मोजायला एक युरोचे नाणे पुरते: खोबणीत उभे धरल्यावर त्याची सोनेरी कड बाहेर दिसू लागली, की नव्या संचाची चौकशी सुरू करावी.