गीझर दुरुस्त करावा की बदलावा? आधी पाणी कुठून गळतंय ते बघा

थंडी पडली की इलेक्ट्रिशियनचा फोन लागत नाही, आणि लागलाच तर बरेचदा एकच उत्तर मिळतं: “जुन्यात आता राम नाही, नवीनच घ्या.” हा सल्ला सरसकट मानू नका. भिंतीवर टांगलेल्या विजेच्या साठवणीच्या गीझरमधली कॉईल, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा), कटआउट (पाणी प्रमाणाबाहेर तापलं तर वीज तोडणारा), गास्केट (जोडातून पाणी गळू न देणारी रबरी चकती), व्हॉल्व्ह हे सगळं बदलता येतं. घरी बसून बदलता येत नाही ती आतली टाकी. त्यामुळे टाकी शाबूत आहे का, एवढंच खरं तर शोधायचं असतं.

१. वीज तोडा

नुसतं बटण नाही, मीटर-बोर्डावरचा एमसीबी (मुख्य सुरक्षा स्विच) खाली पाडा. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा गीझर लावताच ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर इलेक्ट्रिशियन येऊन जाईपर्यंत गीझर वापरूच नका. बहुतेक वेळा कॉईलच्या आवरणाला चीर गेलेली असते. कॉईल बदलली की गीझर पुन्हा कामाला लागतो. त्याच वेळी घरातलं अर्थिंगही तपासून घ्या. ‘थोडासाच शॉक लागतो’ म्हणत अंघोळी उरकणारी घरं आहेत, आणि तो प्रकार जीवावर बेततो.

२. गळती शोधा

गीझर बाहेरून कोरडा पुसा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि दोन-तीन तासांनी बघा.

पाईपच्या जोडाशी ओल असेल तर प्लंबरचं वॉशर-टेपचं काम आहे. थंड पाण्याच्या बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडत असतील तर ते बहुधा बिघाडाचं लक्षण नाही. तापलं की पाणी फुगतं. २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापताना १५ लिटर पाणी साधारण २०० मिलिलिटरने वाढतं, आणि ते कुठून तरी बाहेर पडणारच. गीझर बंद असतानाही व्हॉल्व्ह सतत गळत असेल तर तो बदला किंवा इमारतीतला पाण्याचा दाब तपासा. पण त्याच्या तोंडाला बूच मारू नका. दाबाला वाटच उरली नाही आणि थर्मोस्टॅटही दगा देऊन बसला, तर टाकी फुटू शकते.

खालच्या झाकणातून पाणी येत असेल तर ते उघडून बघायला सांगा. कॉईलच्या पट्टीभोवतीचं गास्केट गळत असेल तर नवं गास्केट बसतं. मात्र टाकी आणि बाहेरच्या पत्र्यामधला फोम भिजलेला असेल, कडेने तांबूस ओघळ उतरले असतील, तर टाकीच गेली. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा: आतून काचेचं अस्तर दिलेल्या टाकीवर वेल्डिंग केलं की त्या जागचं अस्तर जळतं आणि गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो. एम-सील तर दाबाखालच्या गरम पाण्याच्या टाकीवर लावायची वस्तूच नव्हे.

३. घड्याळ लावा

टाकीत सगळं थंड पाणी असताना गीझर लावा आणि गीझरवरचा दिवा जाईपर्यंतचा वेळ मोजा. २००० वॉटचा गीझर १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला १८ ते २० मिनिटं घेतो. २५ लिटरला अर्धा तास. थंडीत, पाणीच गार असताना, थोडं जास्त. व्होल्टेज कमी असेल तर हिशेब बिघडतो: २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळत असतील तर ताकद दोन-तृतीयांशावर येते. गावाकडे संध्याकाळी ही चाचणी घेऊन गीझरला दोष देऊ नका.

दिवा लवकर जातो पण अर्धी बादलीच गरम येते? थर्मोस्टॅट लवकर तोडतोय किंवा तळाशी क्षारांचा गाळ साचलाय. तापताना कडकड असा आवाज येतो? कॉईलवर क्षारांची पुटं चढलीत. दोन्हींवर इलाज आहे.

४. टाकी रिकामी करून आत बघा

मुंबईत तलावांचं मऊ पाणी येतं, तिथे हे काम काही वर्षांनी एकदा केलं तरी चालतं. बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये मात्र दरवर्षी दिवाळीआधी करून घ्यावं. कॉईल साफ करतानाच अ‍ॅनोड रॉड दाखवायला सांगा. ही मॅग्नेशियमची कांडी टाकीऐवजी स्वतः झिजते. तारेएवढी बारीक उरली असेल तर लगेच नवी टाका. गीझरच्या किमतीपुढे ती अगदी किरकोळ वस्तू आहे, पण सर्व्हिसिंगला आलेला माणूस तिचं नाव काढेलच असं नाही.

मग दोन पांढऱ्या बादल्या घ्या. एकीत थंड नळाचं पाणी, दुसरीत गरम. दोन्हींत तांबूसपणा असेल तर दोष जुन्या लोखंडी पाईपचा. फक्त गरम पाण्यात गंजाचे कण येत असतील आणि रॉड कधीच संपलेला असेल, तर टाकी लवकरच जाणार. नव्याची तयारी ठेवा.

५. आता हिशेब

स्टिकरवर बनवल्याचा महिना-वर्ष असतं. वॉरंटी कार्ड शोधाच, कारण टाकीची वॉरंटी कॉईलपेक्षा वेगळी आणि बरीच लांब, अनेकदा ५ ते ७ वर्षांची असते. त्या मुदतीत टाकी गळली तर आधी कंपनीकडे तक्रार करा.

मुदत संपल्यावर टाकी गळली तर विचार करत बसू नका, बदला. टाकी ठीक असेल तर माझा ठोकताळा असा: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, किंवा ८-१० वर्षं झालेल्या गीझरची कॉईल वर्षभरात दुसऱ्यांदा जळली असेल, तर त्यात आणखी पैसे घालू नयेत. गॅस गीझरला मात्र हा हिशेब लावू नका. ज्योत पिवळी झाली, काजळी धरू लागली, की तो बंद करून तपासून घ्या. आणि बंद बाथरूममध्ये बसवलेला असेल तर आधी तिथून हलवा. त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो.

नवा घेताना टाकी किती दाब सोसते ते बघा (तो ‘बार’मध्ये लिहिलेला असतो). वरच्या टाकीपासून दर १० मीटर उतरलं की साधारण १ बार दाब वाढतो, म्हणून टॉवरच्या खालच्या मजल्यांना ८ बारची टाकी हवी. जुना व्हॉल्व्ह आणि जोडपाईप नव्याला लावू देऊ नका. आणि जुन्या गीझरची टाकी तांब्याची निघाली, तर भंगारवाल्याला लोखंडाच्या भावात देऊन टाकू नका.