अठराच्या आतल्या पोरावर खुनाचा गुन्हा लागला तर घरच्यांनी काय करायचं

समजा यात्रेत दोन गटांचा राडा झाला, चाकू निघाला, एक जण गेला अन् पोलिसांच्या यादीत तुमच्या भावाचा पोऱ्या पण आहे. गावात लगेच सल्ले चालू, कोणी म्हणतं लहान आहे काही होत नाही, कोणी म्हणतं आता जन्मठेपच. दोघांचं ऐकू नका, आधी वयाचे कागद गोळा करा.

वय बघतात ते घटनेच्या दिवशीचं, पकडलं त्या दिवशीचं नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 94 प्रमाणे आधी शाळेचं जन्मतारखेचं सर्टिफिकेट नाहीतर दहावीचं, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, अन् काहीच नसेल तरच हाडांची टेस्ट. आता आपल्याकडे धडगावपासून यावलपर्यंत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस 1 जून, गुरुजींनी अंदाजे टाकलेला, त्यात पोरगा मोठा दाखवलाय का लहान ते आजच बघा. नुसत्या टीसीवर राहू नका, सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये ती पुरेशी धरली नव्हती.

पोलिस त्याला लॉकअपमध्ये ठेवू शकत नाहीत, बेडी नाही, जबाबावर सही नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अठराच्या आतल्यांच्या केसेस ऐकणाऱ्या मंडळापुढे, न्यावंच लागतं. वकील परवडत नसेल तर 15100 ला फोन करा, विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. जामीन खुनात पण मिळू शकतो, पण मंडळाला वाटलं की पोरगा परत त्याच टोळक्यात जाईल तर नाकारतात, म्हणून तो साक्रीला मामाकडे राहील असं काहीतरी ठोस घेऊन जा, मामालाच सोबत न्या.

खरा फरक 16 वर्षांवर पडतो. त्याच्या आत असेल तर खून असला तरी केस मंडळातच, जास्तीत जास्त 3 वर्षं विशेष गृहात, म्हणजे सुधारगृहात. 16 ते 18 मधला असेल अन् गुन्ह्याला कमीत कमी शिक्षाच 7 वर्षं किंवा जास्त असेल तर मंडळ 3 महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं, म्हणजे पोराची समज, परिणाम कळण्याची कुवत, कोणत्या परिस्थितीत झालं ते. त्याने केलं का नाही हे इथे ठरत नाही, वकिलाने तिथे मानसशास्त्रज्ञ मागायलाच पाहिजे. त्यानंतर केस बाल न्यायालयात जाऊ शकते, म्हणजे मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो, अन् मंडळाच्या ऑर्डरवर 30 दिवसांत अपील आहे. बाल न्यायालयातही फाशी नाही, सुटकेची शक्यताच नाही अशी जन्मठेप नाही, अन् 21 होईपर्यंत जेल नाही.

एफआयआरचं कलम नीट वाचा बरं का. खुनाच्या प्रयत्नाला, म्हणजे नवीन भारतीय न्याय संहितेच्या कलम 109 ला, कमीत कमी 7 वर्षं अशी अटच नाही, मग हे मूल्यांकन लागूच होत नाही.

प्रोबेशन अधिकारी, म्हणजे मंडळासाठी पोराच्या घरची माहिती काढणारा, घरी येईल तेव्हा लपवू नका. शाळा सोडून रावेरला केळीच्या गाड्या भरायला जात होता तर तसंच सांगा, रिपोर्टात ते कामाला येतं. अन् गावच्या ग्रुपवर कोणी त्याचा फोटो किंवा नाव टाकलं असेल तर डिलीट करायला लावा, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.